बादली बघायला येणारे गांगुर्डे काका

दिवाळीत लोक कुणाकडे गेले की आधी फराळाचं ताट बघतात. आमचे गांगुर्डे काका आधी कचऱ्याची बादली बघायचे.

बघायचे म्हणजे चक्क उकिडवे बसून, चष्मा कपाळावर सरकवून, बादलीत हात घालायचे. काका मूळचे नामपूरचे. नोकरी मनमाडला रेल्वेत झाली, आणि निवृत्तीनंतर नाशिकरोडला आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. एरवी बोलायचे आमच्यासारखंच, पण बादलीत काही सापडलं की थेट अहिराणी बाहेर पडायची. "अरे, जीव शे यामा!" म्हणजे, यात अजून जीव आहे.

हा जीव त्यांना मिठाईच्या खोक्यात दिसायचा, सुकलेल्या झेंडूतही दिसायचा. एकदा माझ्या बायकोने, सुनीताने, तुटक्या चकल्या आणि चिवड्याचा चुरा टाकायला काढला. काकांनी तो हातातून काढून घेतला, तिला मोडाच्या मटकीची उसळ करायला लावली आणि वर चुरा पेरला. तशी मिसळ मी पुन्हा खाल्ली नाही, आणि नाशिकमध्ये राहून हे म्हणायला छाती लागते!

घंटागाडी तेव्हा नवीनच सुरू झाली होती. सगळ्यांच्या दारात ती भरत जायची. काकांच्या दारात मात्र थांबायची, घंटा वाजवायची आणि काहीच न घेता पुढे निघायची. ऐन दिवाळीत! आम्ही गॅलरीतून बघत राहायचो, एखाद्या सिद्धपुरुषाकडे बघावं तसे. 'बादली इन्स्पेक्टर' म्हणून हसणारेसुद्धा हळूहळू खोकी उलगडून ठेवायला लागले.

मग एका दिवाळीत बिल्डिंगीतल्या सगळ्यांनी ठरवलं, काकांना या वयात जिने कशाला चढायला लावायचे? पाडव्याच्या सकाळी आम्हीच सगळं निवडून त्यांच्या दारात नेऊन ठेवलं. कागदांच्या घड्या, वाळलेली फुलं, पणत्या, सगळं वेगवेगळं.

काका बघतच राहिले. "वा! शिकले रे सगळे," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी ते कुणाकडेच आले नाहीत. भाऊबीजेलाही नाहीत. त्या दुपारी सुनीता गॅलरीत कपडे काढायला गेली आणि तिथेच थांबली. मी जाऊन पाहिलं. खाली काका खुर्ची टाकून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, पायात चपला. जिन्यावर पाऊल वाजलं की मान वर करायचे, माणूस निघून गेला की पुन्हा खाली घालायचे.

सुनीता तडक वळली. स्वयंपाकघरात गेली. पाडव्यानंतर पुन्हा निवडून ठेवलेली खोकी, हार, करंज्यांचा चुरा, सगळं तिने बादलीत ओतलं. जरा विचार केला आणि वर एक चांगला चमचाही टाकला. मग गॅलरीतून हाक मारली, "काका, जरा वर येता का? माझा सगळा घोळ झालाय!"

काका इतक्या घाईने उठले की खुर्ची आडवी झाली.

"चमचा? पोरी, चमचा फेकतेस?" बादलीशी बसून ते ओरडत होते आणि सुनीता खाली मान घालून ऐकत होती. ओरडून झाल्यावर चहा झाला, फराळ झाला, मनमाडच्या गोष्टी झाल्या, काकू कशा भांडायच्या तेही सांगून झालं. पणत्या लागल्या तेव्हा कुठे ते उठले.

दारात चपला घालताना वळून म्हणाले, "उद्या परत बघून जातो. तुझं काही खरं नाही."