अण्णांची पिवळी चिठ्ठी

मंगळवारी डॉक्टरांनी माझ्या बायकोला, सुधाला, पार्किन्सन असल्याचं सांगितलं. संध्याकाळी वरच्या मजल्यावरचे अण्णा आले, चहा प्यायले आणि आमच्या फ्रिजवरच्या व्हिटॅमिनच्या डबीला पिवळी चिठ्ठी चिकटवून गेले.

अण्णा मूळ भोसरीचे. चाकणच्या एका कारखान्यात बाहेरून येणारा माल तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हिरवी चिठ्ठी म्हणजे माल घ्या, तांबडी म्हणजे परत पाठवा, पिवळी म्हणजे वरच्या माणसाचा होकार येईपर्यंत हात लावू नका. निवृत्तीच्या वेळी लोकांना घड्याळ मिळतं. अण्णांनी चिठ्ठ्यांची उरलेली रिळं मागून घेतली. भाजीवाल्यालाही ते "लॉट कवाचा?" असं विचारत.

"अण्णा, कोथिंबीर हाय, बेअरिंग न्हाई!" तो ओरडे.

"म्हनून तर इचारतोय. बेअरिंग कुजत न्हाई."

सुधाचा आजार कळला तसे आमच्याकडे डबे यायला लागले. रावेतहून माझी बहीण प्रोटीनची पावडर घेऊन आली. हिंजवडीच्या भाच्यानं परदेशी कॅप्सूल पाठवल्या. सुधाच्या भावानं चूर्ण आणलं. सगळ्यांवर पिवळी चिठ्ठी.

"सर, माल गेटातून आत आला म्हंजी लगेच लाइनीवर जात न्हाई."

"पण अण्णा, चूर्णावर लिहिलंय ना, शंभर टक्के नैसर्गिक."

"इंचू बी नैसर्गिकच हाय की."

औषधातलं अण्णांना काही कळत नसे, आणि ते तसं सांगतही. डब्या पिशवीत भरायच्या आणि सुधाच्या डॉक्टरांपुढे मांडायच्या, एवढंच ते करत. डॉक्टर आधी हसले. चूर्णाची डबी वाचताना मात्र त्यांचं हसू थांबलं. त्यात खाजकुइलीचं बी होतं.

"यांच्या गोळीत जे औषध आहे तेच या बीत असतं," ते म्हणाले. "किती, ते डबीवर नाही. दोन्ही पोटात गेलं असतं तर यांना हातपाय आवरले नसते."

त्या दिवसापासून अण्णांना आवरणं कठीण झालं. एकदा औषधवाल्यानं सुधाची नेहमीची गोळी वेगळ्या कंपनीची दिली. पट्टीचा रंग बदललेला. अण्णांनी त्या पट्टीलाच पिवळी चिठ्ठी लावली आणि ती खिशात घालून डॉक्टरांकडे निघाले. गोळीची वेळ टळली. खुर्चीत बसलेली सुधा उठेना. मी धावत जाऊन अण्णांना रिक्षातून उतरवलं.

"अण्णा," सुधा एकेक शब्द उचलून ठेवावा तशी म्हणाली, "ही गोळी थांबली की मी थांबते."

अण्णांनी दोन्ही कान धरले. "चुकलं ताई. डॉक्टरनं लिवल्यालं अडवायचं न्हाई. फोन लावून इचारायचं."

मी डॉक्टरांना फोन लावला. तीच गोळी, ते म्हणाले, लगेच द्या. गोळी लागू पडताच सुधा उठली आणि पहिलं काम म्हणून तिनं एक पिवळी चिठ्ठी अण्णांच्या कपाळावर चिकटवली. ती तशीच मिरवत ते जिना चढले. भेटेल त्याला सांगत होते, "आजच्या दिस मला वापरू नगा!"

पुढे थंडीत एकदा अण्णा नुसतेच येऊन बसले. सुधानं खोदून विचारलं तेव्हा कळलं, त्यांनी तिच्यासाठी अळिवाचे लाडू केले होते.

"मग आहेत कुठे?"

"वर. चिठ्ठी लावून ठेवल्यात."

"स्वतःच्या लाडवांना?"

"माल कुनाचा बी असंल, नेम एकच."

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात आजाऱ्यांच्या रांगेत अण्णा मांडीवर डबा घेऊन बसले. डॉक्टर म्हणाले, अळिवात लोह असतं, गोळीबरोबर नको. मध्ये अंतर ठेवून खुशाल खा. घरी आल्यावर सुधानं वेळ सांभाळून लाडू उचलला. अण्णा तिच्या तोंडाकडे बघत उभे.

"छान झालाय," ती म्हणाली. "कुणी शिकवला?"

"मोबाइलमधी बघितला. आजवर कुनासाठी करायचं आलंच न्हाई, ताई." अण्णांचं लग्न झालं नव्हतं, एवढं आम्हाला माहीत होतं. पुढचं आम्ही कधी विचारलं नव्हतं.

सुधानं दुसरा लाडू मागून घेतला.

गेल्या उन्हाळ्यात सुधा गेली. थंडी पडली तसे अण्णा डबा घेऊन खाली यायला लागले. आम्ही दोघं एकेक लाडू खातो. गूळ थोडा जास्त असतो.