चंद्रावर काय चाललंय

शनिवारचं व्याख्यान सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता आणि तारामास्तरांनी चहाचा अख्खा कप दुर्बिणीवर सांडला. तोही नेमका जिथे डोळा लावून बघायचं, त्या पितळी नळीवर. मास्तरांनी नळी फिरवून काढली, उघडली, आतलं भिंग रुमालाने खसाखसा पुसलं आणि वाळायला खिडकीत ठेवून दिलं.

"ओल्या फडक्याने पुसा, चिकट राहील," बायको म्हणाली.

"तू मला दुर्बीण शिकवू नकोस. तीस वर्षं झाली मला इथे."

"तीस वर्षं चहा सांडताय, तेही माहीत आहे मला."

बाई एरवी वेधशाळेची पायरी चढत नसत. आज आल्या होत्या त्या एक खुर्ची भरायला. महानगरपालिकेच्या इमारत समितीचे अध्यक्ष येणार होते. वेधशाळा ठेवायची की पाडून तिथे पार्किंग करायचं, हे त्यांच्या हातात होतं. आणि मास्तरांच्या व्याख्यानाला येणाऱ्यांपैकी निम्मे पंख्याखाली डुलकी काढायला येत.

विषय होता, 'चंद्र : एक मृत जग'. अध्यक्षांनी पहिल्या जांभया हाताआड दिल्या, नंतरच्या उघड्यावर. "गाड्या इथे बऱ्याच मावतील," असं ते शेजारी बसलेल्या दंतवैद्याच्या कानात म्हणाले, ते मास्तरांना व्यासपीठावर ऐकू आलं.

व्याख्यान आटोपून मंडळी गच्चीवर गेली. मास्तरांनी नळी जोडली, दुर्बीण चंद्रावर रोखली आणि बाजूला झाले. स्वतः बघायची त्यांना गरजच वाटत नसे. चंद्र त्यांना पाठ होता.

पहिला नंबर शिवणकाम करणाऱ्या टेलरबाईंचा. "मास्तर, हे काय हलतंय?"

"हवा. हवेमुळे चंद्र थरथरल्यासारखा दिसतो."

"हवेला पाय असतात?"

मास्तर समजूतदार हसले. मग दंतवैद्य वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. "मी उगाच काही बोलणारा माणूस नाही. पण सहा पाय आहेत. आणि पुढे मिशा."

आता अध्यक्षांनी रांग मोडली. डोळा लावला आणि ओरडले, "अहो, हे पळतंय! मास्तर, केवढं असेल हो हे?"

आकडेमोड कुणी विचारली की मास्तरांना राहवत नसे. "चंद्राचा केवढा भाग व्यापलाय त्याने?"

"दहावा असेल."

"मग लांबी साधारण साडेतीनशे किलोमीटर."

टेलरबाई दोन पावलं मागे सरकल्या.

अध्यक्षांनी फोन काढला. आधी महापौर, मग वर्तमानपत्र, मग मेहुणा. "मी पाहिलं! सगळ्यात आधी मी!"

"सगळ्यात आधी मी," टेलरबाई म्हणाल्या, पण त्यांच्याकडे कोण बघतो?

बातमी जिना उतरून रस्त्यावर गेली. बघता बघता रांग कोपऱ्यावरच्या टायरच्या दुकानापर्यंत पोहोचली. ज्यांनी जन्मात मान वर केली नव्हती ते लोक मास्तरांना "सर, सर" करू लागले. मास्तर फुलले. "मी नेहमीच सांगत आलोय," ते म्हणाले, "चंद्राबद्दल छातीठोकपणे काही बोलू नये." मघाचं मृत जग ते साफ विसरले होते.

तेवढ्यात रांगेतून बायकोचा नंबर लागला. तिने पाहिलं, सरळ झाली आणि मास्तरांच्या कानाशी आली. "एकदा स्वतः बघा."

"मला काय गरज..."

"बघा म्हणते ना!"

मास्तरांनी डोळा लावला. चंद्र नेहमीचाच होता. त्याच्यासमोर, नळीच्या आत, एक मुंगी चिकट भिंगावर सहा पायांनी धडपडत होती.

मास्तरांनी अध्यक्षांना कोपऱ्यात ओढून खरं काय ते सांगितलं. अध्यक्ष पांढरेफटक पडले. "महापौर गाडीत बसलेत! गप्प बसा हो. वेधशाळा राहील. वर रंग लावून देतो!"

मास्तर क्षणभर डळमळले. पार्किंग डोळ्यांपुढे आलं, मग नवा रंगही. पण इतकी वर्षं त्यांनी लोकांना फक्त कंटाळा आणला होता, फसवलं नव्हतं. ते खुर्चीवर चढले. "मंडळी, ती मुंगी आहे!"

"साडेतीनशे किलोमीटरची?" टायरवाला ओरडला.

"अहो, चंद्रावर नाही, भिंगात आहे!"

पण पहिलं वाक्य तोवर जिना उतरून गेलं होतं. खालून आरोळी आली, "मुंगी आहे, मुंगी! खुद्द मास्तरांनी सांगितलं!"

मास्तरांनी नळी उघडून सर्वांदेखत झटकली. मुंगी कठड्यावरून निघून गेली, ती अंधारात कुणालाच दिसली नाही. नळी पुन्हा जोडली. टायरवाल्याने डोळा लावला. "गेली! बिळात गेली! बिळंच बिळं आहेत इथे!"

"ती विवरं आहेत," मास्तर कळवळून म्हणाले.

"तेच ते."

अध्यक्षांच्या चेहऱ्यावर रंग परतला. त्यांनी घसा साफ केला. "बंधुभगिनींनो, अशी वेधशाळा पाडणं हा करंटेपणा ठरेल." टाळ्या पडल्या. मग ते मास्तरांकडे वळून हळूच, अगदी मनापासून म्हणाले, "चंद्रावर मुंग्या निघाल्या, म्हणजे मंगळावर मुंगळे असणार. पुढच्या शनिवारी दाखवाल ना?"

मास्तरांनी तोंड उघडलं. बायकोने मागून चिमटा काढला.

"दाखवतो," मास्तर म्हणाले. "ढग नसले तर."