सोनवणेकाकांना मारायचं कसं

"माणसाला मारता येतं का हो तुम्हाला?"

जेलरोडच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, तेव्हा सामान अजून टेम्पोतच होतं. वरच्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यात उभे राहून मला न्याहाळत होते. अंगात बनियन, पायात गमबूट, डावा हात खिशात. नाव नाही, नमस्कार नाही, एकदम हा प्रश्न. मी शाळेत भूगोल शिकवतो. झुरळ दिसलं तरी मी बायकोला हाक मारतो. मी म्हटलं, "नाही हो."

त्यांचा चेहरा पडला. "मास्तर ना तुम्ही? मग कसं नाय येत?"

हे सोनवणेकाका. मूळचे नामपूरकडचे, एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, एकटे राहणारे. आमच्या छताच्या वर त्यांची जमीन, त्यामुळे तिथे जे काही होईल ते आधी माझ्या डोक्यावर होणार, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

काका गिटारींचा आवाज सुधारतात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली एक छोटी डबी असते, तिला पिकअप म्हणतात. तिच्यात लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. काका ती तार काढून टाकतात, शिलाई मशीनच्या मोटरवर नवी गुंडाळतात आणि अख्खी डबी वितळलेल्या मेणात बुडवतात, म्हणजे वाजवताना ती किंचाळत नाही. मेणाचं पातेलं आणि चहाचं पातेलं एकच आहे. मी तो चहा प्यायलो आहे. दुपारपर्यंत माझे ओठ एकमेकांवरून घसरत होते.

पण पिकअप म्हणजे गरीब जनावर. भीती ॲम्पची. गिटारचा आवाज मोठा करणारी ही लाकडी पेटी, आणि काकांकडे येतात त्या जुन्या, काचेचे, बल्बसारखे व्हॉल्व असलेल्या. भीमगीतांच्या पार्ट्यांमधले वादक येतात, चर्चमध्ये वाजवणारी पोरं येतात, देवळाली कॅम्पातले एक पेन्शनर येतात. प्रत्येकाचं म्हणणं एकच, आवाज पत्र्यासारखा लागतोय, जरा गोड करा. काका पेटी उघडतात. आत घरातल्या विजेच्या जवळपास दुप्पट व्होल्टेज असतं.

"प्लग काढला तरी करंट जात नाय, सर," काकांनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. "कंडेन्सरमध्ये बसून राहतो. वाट बघत."

"कोणाची?"

"माझी."

खिशातल्या डाव्या हाताचा उलगडाही तेव्हाच झाला. पेटीत दोन्ही हात घातले, तर करंट एका हातातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडतो, "आणि मधी काय हाये? छाती." म्हणून डावा हात कायम खिशात. सवय इतकी अंगात मुरली आहे, की लग्नातही काका एका हाताने अक्षता टाकतात आणि एका हाताने नमस्कार करतात. सोसायटीच्या बायका त्यांना शिष्ट समजतात.

तर मारण्याचं असं. पेटीचं काम झालं, की ती पहिल्यांदा चालू करताना समोर एक माणूस लागतो. त्याच्या हातात वाळलेल्या बांबूची काठी. काकांना करंटनं धरलं, तर या माणसानं काठी हाणून त्यांना पेटीपासून तोडायचं. काकांच्या कामाचा हा नियमच, आणि ती जागा रिकामी होती. सेक्रेटरींनी गुडघ्याचं कारण सांगितलं होतं. समोरच्या वहिनींनी दार लावून घेतलं होतं. उरलो मी.

"हात लावायचा नाय. हात लावला की तुम्हीबी चिकटले. काठीच मारायची, आणि जोरात. प्रेमानं नाय."

"आधी बटण बंद केलं तर?"

"तुम्ही बटण शोधंस्तोवर मी खलास."

तालीम झाली. काका दाराला पाठ लावून उभे राहिले, डोळे मिटले आणि म्हणाले, "समजा मला धरलंय." मी काठी उचलली, त्यांच्या खांद्यावर टेकवली आणि विचारलं, "लागलं का?"

काकांनी डोळे उघडले. "सर," ते म्हणाले, "तुम्ही असं न मारून मला मारून टाकाल."

तेव्हापासून शनिवारी संध्याकाळीच मला उद्याच्या रविवारची धास्ती वाटायची. विजेची तर वाटायचीच, पण त्याहून जास्त माझी स्वतःची. या माणसानं आपला जीव माझ्या हातात दिला होता, आणि माझे हात मला चांगले माहीत आहेत. वर्गात मुलं दंगा करतात तेव्हा मी खिडकीबाहेर बघतो. वेळ आली आणि काठी उचललीच गेली नाही तर? नुसताच "काका, काका" करत उभा राहिलो तर? मीनाला, माझ्या बायकोला, हे सांगितलं. ती म्हणाली, "मग नाही म्हणून टाका." तेवढी हिंमत असती तर आणखी काय हवं होतं?

दर रविवारी सकाळी मी वर जायचो. रबरी चटईवर माझी जागा ठरलेली. काका आधी ॲम्पची वायर एका साध्या बल्बमधून जोडतात. बटण दाबलं, की बल्ब लख्ख पेटतो आणि हळूहळू मंद होतो. मंद झाला तर पेटी ठीक. लख्खच राहिला तर आत कुठेतरी गडबड. तो बल्ब मंद होईपर्यंत मी श्वास घेत नाही. काकाही घेत नाहीत. मग व्हॉल्व तांबूस होतात, घूं असा बारीक आवाज सुरू होतो आणि काका म्हणतात, "जागं झालं."

त्या रविवारी पेटी आणि गिटार होती एका भीमगीत पार्टीच्या वादकाची. जयंती जवळ आली होती, त्याला घाई होती. काकांनी कंडेन्सर बदलले होते, पिकअपची तार नवी गुंडाळली होती, तरी आठवडाभर त्यांचं समाधान होत नव्हतं. "आवाज येतोय, पण गळा नाय त्याला," असं जिन्यात भेटेल त्याला सांगत होते. दोनदा सगळं उकलून पुन्हा जोडलं.

बल्ब पेटला, मंद झाला. घूं सुरू झालं. काकांनी गिटार टेबलावर आडवी ठेवली, डावा हात खिशात, आणि उजव्या बोटाने एक जाड तार छेडली.

सूर निघाला. काकांनी बोट परत तारेवर टेकवलं आणि ते तसेच उभे राहिले. डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं, मान एका बाजूला.

"काका?" मी म्हटलं.

मी काठीवरची पकड घट्ट केली.

"काका, ठीक ना?"

त्यांची हनुवटी थरथरत होती. खांदाही. पापणीखालून पाणी आलं आणि गालावर उतरलं. बाकी माणूस खांबासारखा ताठ. माझ्या कानांत शाळेची घंटा वाजायला लागली. मी ओरडलो असं मीना सांगते, तिला खाली ऐकू आलं. मला आठवतं ते एवढंच, की काठी माझ्या डोक्याच्या वर होती.

अशी हाणली, की काका शेजारच्या खुर्चीसकट कपाटावर गेले. गिटार धाडकन खाली पडली, आणि तो पडण्याचा आवाज ॲम्पमधून जेलरोडभर गेला.

जमिनीवरून काकांनी माझ्याकडे पाहिलं. "काय करी ऱ्हायना रे भो!" घाबरले की ते अहिराणीत शिरतात. "अरे सूर लागला होता! आठवडाभरानं लागला होता!"

त्यांना करंट बसलाच नव्हता. ते ऐकत होते.

काकांचं उजवं मनगट मोडलं. रिक्षात पोलीस, सोसायटी, शाळा, सगळं डोळ्यांपुढे येत होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं लागलं, आजोबा?"

"सरांनी मारलं," काका म्हणाले.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. कंपाउंडरनेही पाहिलं. मला धरणी दुभंगावी असं झालं.

"काठीनं," काका सांगत होते, "असं उचलून. मागंपुढं पाह्यलं नाय." तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ते तक्रार करत नव्हते. त्यांचा चेहरा फुलला होता. कंपाउंडरला त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या अनोळखी बाईंनाही.

प्लास्टर सुकेपर्यंत आम्ही त्याच बाकावर बसलो. मी त्यांची माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"पह्यले माय धरायची काठी," ते म्हणाले. "खुर्चीत बसून, लुगड्यावर माझे गमबूट घालून. ती गेल्यावर कोणी नाय. माणसं सांगून बघितली, येत नाय कोणी. मग एकटाच चालू करायचो. आणि सर, मला लय भ्या वाटतं. लोकांना वाटतं, सोनवणेला काय नाय वाटत. दर टायमाला वाटतं."

"मग कसं करायचात?"

काकांनी डाव्या हाताचं बोट प्लास्टरवर टेकवलं.

"बटणावर बोट ठेवून थांबायचो. खालच्या घरात कुकरची शिट्टी झाली, की दाबायचो. म्हटलं, कोणीतरी हाये."

काकांनीच चहा मागवला आणि पैसेही मला देऊ दिले नाहीत.

त्यांना वर पोचवून मी घरी आलो. मीना दारातच वाट बघत उभी होती. मी तिला म्हटलं, मी शाळेत गेलो की स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवत जा, कुकर लावशील तेव्हा तर नक्की. तिनं विचारलं, "का हो?" मी तिच्याकडे पाठ करून चपला काढायला लागलो, आणि एका चपलेचा पट्टा मला कितीतरी वेळ सुटेना.