समुद्रात कंदील आलेत

तांता शहराच्या जन्म-मृत्यू नोंदणी कचेरीत वगदी चोवीस वर्षं जन्माच्या खिडकीवर बसत होता. (मृत्यूची खिडकी शेजारीच होती. तिथं लोक निदान हळू बोलतात, म्हणून त्यानं दोनदा बदलीचा अर्जही केला होता.) दिवसभर नवे बाप, त्यांच्या सासवा आणि हातातली रडणारी पोरं खिडकीला डोकं लावून ओरडत. घरी आला तरी त्याच्या कानात कुणाचं तरी बाळ रडतच असे.

उरली सुट्टी. ऑगस्टात दहा दिवस रास अल-बर, नाईल समुद्राला मिळते तिथं. तिथंच वगदीची सगळी गल्ली, सगळी कचेरी आणि बायकोच्या तिन्ही बहिणी येत. वाळूत छत्रीला छत्री खेटलेली. मागच्या वर्षी त्याचा जरा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा तो एका अनोळखी कुटुंबाच्या फोटोत मधोमध बसलेला होता.

तेव्हा यंदा त्यानं मनाचा हिय्या केला आणि संध्याकाळच्या चहाला विषय काढला. “यंदा बहीजा आत्याकडे, गावाला जाऊ या का?”

त्याच्या बायकोचा, सुहैरचा, चमचा कपात थांबला. “कोण वारलं?”

“कुणी नाही. सुट्टीला म्हणतोय मी.”

“सुट्टीला माणसं समुद्रावर जातात, हाजिमचे बाबा. गावाला मयताला जातात.”

“तिथं शांतता आहे गं.”

“शांतता पुढं पुष्कळ मिळणार आहे आपल्याला. अल्लानं त्याची सोय करून ठेवलीय.”

हरायला आलेला नवरा जे करतो तेच वगदीनं केलं. थाप मारली.

“रास अल-बरला यंदा कंदील आलेत म्हणे.” कंदील म्हणजे ते काचेसारखे, डसणारे जेलीफिश. तिकडे त्यांना समुद्राचे कंदील म्हणतात.

“किती आलेत?”

सराईत माणूस इथं ‘थोडेफार’ म्हणाला असता. वगदी नवखा होता. “पाण्यापेक्षा जास्त,” तो म्हणाला.

“कुणी सांगितलं?”

“परवा खिडकीवर एक माणूस आला होता, तिकडूनच परतलेला. पाय भोपळ्याएवढा सुजलेला त्याचा.” (खिडकीतून लोकांचे पाय दिसत नाहीत, हे त्याला बोलून गेल्यावर आठवलं. सुहैरला आठवू नये म्हणून त्यानं घाईघाईनं चहाचा घोट घेतला आणि जीभ भाजून घेतली.)

सुहैर उठून स्वयंपाकघरात गेली. आतून फोनवर कुजबुज ऐकू आली. पाच मिनिटांनी बाहेर येऊन म्हणाली, “बरं. गावाला जाऊ.”

सव्वीस वर्षांच्या संसारातला हा त्याचा पहिला विजय. तेव्हाच त्याला संशय यायला हवा होता, पण विजयाची सवय नसलेल्या माणसाला संशय घ्यायलाही सुचत नाही.

गावातले पहिले दोन दिवस वगदी पुढं जन्मभर आठवत राहिला. तुतीच्या झाडाखाली खाट, शेजारून संथ वाहणारा कालवा, सकाळी बहीजा आत्याच्या मातीच्या भट्टीतला तुपाळ, पापुद्र्यांचा फतीर, त्यावर मध. आवाज म्हणाल तर आत्याच्या बदकांचा, आणि बदकांना कुणाच्या नावाची नोंद करायची नव्हती. सुहैर मात्र ओसरीवर बसून रस्त्याकडे बघत होती. रस्त्यावरून दोन दिवसांत तीन माणसं गेली. त्यातला एक माणूस दोनदा गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आत्याच्या दारात एक मिनीबस थांबली आणि तिच्यातून त्यांची शेजारीण राबाब, तिचा नवरा, पाच मुलं, सासू आणि पोहायची हवेची चाकं उतरली.

“कंदील म्हटल्यावर अंगावर काटाच आला बाई,” राबाब म्हणाली. “म्हटलं, वगदीभाऊ विचार करून बोलणारा माणूस. तो जिथं, तिथंच आपण.”

दुपारी दोन मेहुण्या आपापल्या लवाजम्यासह आल्या. चौथ्या दिवशी कचेरी यायला लागली. गावच्या पाटलानं शाळेच्या खोल्या उघडून दिल्या. कालव्याच्या काठानं समुद्रावरच्या खुर्च्यांची रांग लागली, आत्याच्या घासाच्या शेतात रंगीत छत्र्या उगवल्या. रास अल-बरचा मक्याची कणसं भाजणारासुद्धा येऊन पोचला. “गिऱ्हाईक जिथं, तिथं शेगडी,” तो म्हणाला आणि त्यानं शेगडी नेमकी तुतीखाली मांडली. वगदीची खाट गोठ्याच्या भिंतीला गेली.

चिडायचीही सोय नव्हती. बहीजा आत्या डोळे पुसत त्याला म्हणाली, “तुझा बाप गेल्यापासून एवढी माणसं या दारात आली नव्हती रे. देव तुझं भलं करो.”

पाचव्या दिवशी खुद्द कचेरीचे साहेब फिक्री बे पेटी घेऊन उतरले. “वगदी, तुझ्या शब्दावर मी माझी खोली रद्द केली.”

वगदीनं पेटी उचलता उचलता मनात हिशेब केला. थाप बायकोपुढं मारली तर फार तर अबोला; साहेबांपुढं मारली तर बदली, आणि तीही मृत्यूच्या खिडकीवर नव्हे.

त्या दुपारी ओसरीवर सुहैरचा फोन वाजत होता. ती भट्टीपाशी होती म्हणून वगदीनं उचलला. पलीकडे तिसरी मेहुणी, इन्शिराह, जी आधीच रास अल-बरला जाऊन राहिली होती. त्याला ‘हॅलो’ म्हणायलाही वाव न देता ती सुरू झाली, “अगं सुहैर, अजून समुद्र आरशासारखा आहे. कंदील एक नाही, आणि आता माणूसही नाही, म्हणून मीही आज तिकडेच यायला निघालेय. त्या दिवशी तू विचारलंस तेव्हाच सांगितलं होतं ना, थाप मारतोय म्हणून?”

वगदीनं फोन हळूच खाली ठेवला आणि तो भट्टीकडे गेला. सुहैर कणकेचा गोळा हातानं पातळ ओढत होती.

“तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?”

“तुमचा चहा संपायच्या आत.”

“मग आलीस कशाला?”

ती कणीक ओढतच राहिली. “सव्वीस वर्षांत तुम्ही स्वतःसाठी काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं ते थाप मारून, तीही इतकी वाईट. मला वाटलं, माणूस खरंच थकलाय. म्हणून आले.”

वगदीनं तिच्या बाहीवरचं पीठ झटकलं. मग त्यानं बाहेरच्या गलक्याकडे हात केला. “आणि ही सगळी?”

“दोन दिवस दिले ना तुम्हाला? मग मी थकले.” तिनं कणकेची घडी घातली. “मी तरी खोटं काय बोलले? ‘वगदी म्हणतात कंदील आहेत,’ एवढंच सांगितलं सगळ्यांना. तुम्ही म्हणालाच होतात.”

वगदी तिच्याजवळ सरकला. “मग उद्या आपण दोघंच रास अल-बरला जाऊ या. तिथं आता कुणी नाही.”

“तिथं चिटपाखरू नाही, आणि मी काय वाळूशी बोलू? इथं रंगात आलंय सगळं. तुम्ही या जाऊन. मी साहेबांना सांगते, कंदील ओसरलेत म्हणून. आणि रक्तदाबाच्या गोळ्या घ्या बरोबर.” तिनं हे मनापासून सांगितलं होतं. सकाळी त्याच्या पिशवीत फतीरही बांधून दिला.

वगदी फाट्यावर पोचला तर मिनीबसच्या पुढच्या बाकावर फिक्री बे बसलेले.

“ये, ये. तुझी बायको म्हणाली, कंदील गेले आणि तूही चाललास. मीही शांततेच्याच शोधात आहे रे.” त्यांनी मांडीवरचं जाडजूड बाड थोपटलं. “माझं आत्मचरित्र. सहाशे पानं. कचेरीत गलका, घरी कुणी ऐकून घेत नाही. आठ वर्षं मी तुझ्यासारखा माणूस शोधतोय.”

रास अल-बरचा किनारा खरोखरच रिकामा होता. मैलभर वाळूत एक छत्री, तिच्याखाली दोन खुर्च्या. वारा नाही, लाटा नाहीत, उठून ज्याच्याशी बोलायला जावं असा एकही ओळखीचा माणूस नाही. फिक्री बे स्वच्छ आवाजात, स्वल्पविराम पाळत वाचत होते. पहिला दिवस आजोबांच्या लग्नात गेला, दुसरा आईच्या डोहाळ्यांत. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेब जन्मले आणि रडले. (ते कसे रडले, हे त्यांनी रडून दाखवलं.)

चौथ्या दिवशी संध्याकाळी, सूर्य समुद्राला टेकता टेकता, साहेबांना पहिला दात आला.