सोनू काही करत नाही

एका जंगलात, मुलांनो, ससे वाघाला भ्यायचे आणि शेजाऱ्याच्या मोठेपणाला त्याहून जास्त. त्यांच्या वसाहतीत दुर्वाजीराव नावाचे पुढारी राहत. तेही ससेच. टेकडीवरच्या अस्वलाने कुत्रा पाळल्याचं कळलं आणि त्यांची झोप उडाली. मग त्यांनीही एका कोल्ह्याकडून कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आणला. नाव ठेवलं सोनू.

हसू नका. मोठेपणासाठी आणलेलं काहीतरी तुमच्याही घरात असेल.

कोल्ह्याने सगळं नीट समजावलं होतं. "फासळ्या दिसल्या म्हणून घाबरू नका, जातच सडपातळ. थंडी सोसत नाही, मऊ अंथरूण द्या. रोज मोकळं धावू द्या. आणि याची सगळी शिकार नजरेवर. समोर काही पळालं की मग तो कुणाचं ऐकत नाही."

"पण आमच्याकडे पळणार कोण?" दुर्वाजीरावांनी विचारलं.

कोल्ह्याने त्यांच्या मागच्या लांब पायांकडे एकदा पाहिलं आणि निरोप घेतला.

सोनूचे लाड सुरू झाले. दुर्वाजीरावांच्या पत्नी शेवंताबाईंनी आपल्या पोटाचे केस उपटून त्याला गादी केली. एवढी जाड गादी त्यांनी स्वतःच्या पिल्लांनाही केली नव्हती. जेवायला कोवळी गाजरं. सोनू गाजर हुंगायचा, बाजूला सारायचा आणि दुर्वाजीरावांकडे एकटक बघत बसायचा. तोंडाला पाणी सुटलेलं असायचं.

"किती जीव आहे त्याचा माझ्यावर," दुर्वाजीराव म्हणायचे.

एका सकाळी शेजारच्या तुरेकाकू आल्या. सोबत त्यांचे यजमान होते. त्यांचा एक कान नव्हता.

"तुमच्या सोनूने तोडला," काकू म्हणाल्या.

"शक्य नाही. सोनू काही करत नाही. हे पळाले असतील."

"अहो, ससा आहे. पळणारच."

"बघा, म्हणजे चूक कुणाची?"

काकूंनी यजमानांकडे पाहिलं. यजमानांना प्रश्न अर्धाच ऐकू आला होता.

दुर्वाजीरावांनी लगेच सभा घेतली आणि ठराव केला: वसाहतीत कुणीही पळायचं नाही. पळणारा स्वतः जबाबदार. हळूहळू चालणं हे सुसंस्कृतपणाचं लक्षण ठरलं. शाळेतल्या शर्यती बंद झाल्या. पिल्लं पाय ओढत चालू लागली आणि पालकांना त्याचा अभिमान वाटू लागला. सोनू मात्र गादीवर पडून कंटाळत होता. पाहावं तिकडे सगळं संथ.

मग एके दिवशी आभाळात ससाणा दिसला.

काकू पळणारच होत्या, पण ठराव आठवून त्या जागीच थिजल्या. त्यांच्यामागे सगळी वसाहत दगडासारखी उभी राहिली. ससाण्याला खाली नुसते दगडच दिसले.

मोकळ्या माळावर फक्त दुर्वाजीराव होते. सोनूला फिरवायला निघाले होते. सावली अंगावरून गेली आणि त्यांना ठराव, सभा, पद, काही म्हणता काही आठवलं नाही. फक्त पाय आठवले. ते पळाले.

सोनूचे कान ताठ झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी त्याच्या मनासारखं वागलं होतं.

"सोनू, मी आहे रे," दुर्वाजीराव ओरडले. सोनूने ओळखलं होतं. नजर तेज होती त्याची.

शिकार त्याने जातीला शोभेल अशी केली. दुर्वाजीरावांना अलगद तोंडात धरून आणलं, शेवंताबाईंच्या दारात ठेवलं आणि शाबासकीची वाट बघत शेपूट हलवत बसला. दुर्वाजीराव काही बोलले नाहीत. ते पुन्हा कधीच बोलले नाहीत.

शोकसभेत सोनू पुढच्या रांगेत बसला होता. तुरेकाकू धीर करून म्हणाल्या, "आता तरी याला सोडून या."

शेवंताबाईंनी डोळे पुसले. "असं कसं म्हणता, काकू? यांची तेवढीच तर आठवण उरलीय." आणि सोनूच्या डोक्यावरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "यांनी पळायला नको होतं हो."

सभेने माना डोलावल्या. हळूहळू.

तात्पर्य: शिकारी कुत्रा जरूर पाळावा. तो काही करत नाही. जे काय करतो ते पळणारा करतो, आणि असा पळणारा पुन्हा कधी तीच चूक करत नाही.