शेरा: निरंक

वानखेडे सर माणसाच्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, नखांकडे बघतात. २०१७ मध्ये मी लॅबमध्ये रुजू झाले तेव्हा माझी नखं बघून म्हणाले, "बोलत नाहीस फारशी. फॉस्फरस कमी दिसतो."

सर नागपूरचे, पण लॅब परदेशात. मलिंगारजवळच्या स्प्रूसच्या लागवडीत झाडांखाली आमच्या बाटल्या असतात. दर पंधरा दिवसांनी ओल्या मोज्यांनी फिरून त्यांतलं पावसाचं पाणी गोळा करायचं. आजूबाजूच्या गोठ्यांतला अमोनिया हवेतून झाडांवर बसतो आणि पावसाबरोबर खाली गळतो. नत्र हवं त्याहून जास्त, पण जमिनीत फॉस्फरस नाही, म्हणून झाडं ते वापरू शकत नाहीत. उरलेलं ओढ्यात जातं.

"भरल्या ताटापुढे उपाशी बसलेत बाप्पा," सर दमलेल्या आवाजात म्हणतात.

लॅबचे साहेब ओरडले, तर सरांच्या मते त्यांना नत्र जास्त झालेलं असतं. बाटलीत पक्ष्याची शीट पडली की नमुना बाद, म्हणून रॉबिन दिसला की सर टाळ्या वाजवत धावतात. गेटवरचा शेतकरी दर वेळी विचारतो, "डॉक्टर, पाऊस मोजून संपला का?" सर हसून इथल्या लोकांसारखं "ग्रँड, ग्रँड", म्हणजे छान चाललंय, म्हणतात आणि मला मराठीत, "याच्याच गाईंचं मोजतोय. सांगू नको."

वहीत मी लिहायचं. शेवटी सर विचारणार, "शेरा?" आणि स्वतःच सांगणार, "निरंक." एकदा मी "खूप पाऊस" लिहिलं, तर खोडायला लावलं. "शेरा म्हणजे डायरी नव्हे!"

मला सँडीफोर्डला दुसरी नोकरी लागली. दोन खेपा गेल्या, सरांना सांगणं जमलं नाही. आज शेवटच्या खेपेला, शेवटच्या बाटलीपाशी, एका दमात सांगून टाकलं.

"ग्रँड," सर म्हणाले आणि पुढच्या बाटलीकडे निघाले. पुढे बाटली नव्हती.

मी वही उघडली, तर जुन्या पानांना लावलेलं रबर तुटलं. मी येण्याआधीची पानं, सरांचं अक्षर. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, "दिवसभर कोणाशी बोलणं नाही." खाली, "गेटवर शेतकरी. दोन मिनिटं." त्याखाली, "बोलणं नाही." मग माझं अक्षर सुरू होत होतं. निरंक. निरंक. निरंक.

सर परत आले. मी पान उलटून ठेवलं.

"शेरा, सर?"

त्यांनी स्वतःच्या नखांकडे बघितलं.

"आजचा कोरा ठेव," म्हणाले. "मी भरतो."