दोन पेले पाण्याने राज्य बुडता बुडता राहिले त्याची हकीकत

श्री. प्रथम नमन अन्नपूर्णेस. दुसरे नमन विजेस, जी असते तेव्हा दिसत नाही आणि नसली म्हणजे फार दिसते. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष वद्य पंचमी, शुक्रवार, ते दिवशी एक राज्य दोन पेले पाण्यात बुडत होते. ते कैसे तरले, हे साहेबी विचारिले, म्हणोन जैसे पाहिले तैसे लिहितो. पदरचे घातले असेल तर चवीपुरते.

राज्य कोणते, हे सांगण्याची आज्ञा नाही. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मुदपाकखाना आणि पूर्वेस गॅलरी, ऐसा मुलूख. तेथे राजश्री गजाननपंत निमोणकर राज्य करीत होते, वय वर्षे चौऱ्याहत्तर. चौतीस वर्षे पाटबंधारे खात्यात राहिले, थोर थोर धरणांचे दरवाजे यांच्या हुकमाने उघडत आणि मिटत, पाणी यांस विचारल्याशिवाय वाहत नसे, ऐसी ख्याती. परंतु मुदपाकखान्यात स्वारी जाई ती चहा जाहला किंवा कसे, इतके पाहण्यास. ते खाते राणीसाहेब लीलावतीबाई यांजकडे. गेल्या साली राणीसाहेब आजारी पडल्या आणि आता आपण उठत नाही हे त्यांस कळून आले, मग त्यांनी महाराजांस पलंगापाशी बसवून कायदा पढविला. "आधी कुकरच्या तळाशी दोन पेले पाणी. मग भांडं ठेवायचं. पाणी विसरलात तर कुकर जळेल. ऐकताय ना?" महाराज "हो" म्हणाले आणि तो कायदा कधी विसरले नाहीत. मग राणीसाहेब गेल्या. डब्यांवर त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या तेवढ्या राहिल्या, 'तूरडाळ', 'जाडे पोहे', 'हे मीठ आहे, साखर नव्हे', आणि त्या चिठ्ठ्या वाचून वाचून महाराज राज्य चालवू लागले.

परंतु महाराजांच्या कानास कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत ना. एके दिवशी अकरा शिट्ट्या जाहल्या, बारावीस वरण छतास गेले, त्याचा पिवळा डाग अद्याप आहे. हे वर्तमान कन्या मंजिरीबाईसाहेब यांस परमुलुखी कळले. बाईसाहेब मोठ्या करारी. त्यांनी शेगडी बंद करविली, विजेवर भात करणारा कुकर घरपोच पाठविला आणि फोनवर तह सांगितला. "बाबा, रविवारी दुपारी मी येतेय. तुमच्या हातचा भात मला वाढायचा. जमलं तर राहा खुशाल एकटे. नाही जमलं तर सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं. मला रोज धास्ती नको." कन्येची माया आम्ही जाणतो. परंतु महाराजांस हे घर सोडणे म्हणजे त्या चिठ्ठ्या सोडणे, आणि ते त्यांच्याने होणारे नव्हते. तेव्हा मोहीम मांडली.

शुक्रवारी सकाळी महाराजांनी कुकर ओट्यावर स्थापिला. माहितीचे पुस्तक सोबत आले होते, ते महाराजांनी आदराने फडताळात ठेविले, कारण चौतीस वर्षे इतरांस सूचना देण्यात गेली, घेण्याची सवय नव्हती. मग आतले भांडे बाहेर काढिले, आत चकचकीत ताटली दिसली, आणि राणीसाहेबांचा कायदा स्मरून त्या उघड्या ताटलीवर दोन पेले पाणी ओतिले. एक थेंब कमी नाही. वर तांदळाचे भांडे ठेविले आणि बटण दाबिले. तो फट् ऐसा आवाज जाहला, पंखा थांबला, फ्रिज थांबला, देवघरातील दिवा गेला, सर्व मुलूख एका क्षणी मुका जाहला. महाराज दरवाजावरील पेटीपाशी गेले, पाहतात तो खटका पडलेला. वर केला, पुन्हा पडला. आणि पुन्हा केला, आणि पुन्हा पडला. धरणाचा दरवाजा अडला म्हणजे जोर लावावा, ही त्यांची जुनी रीत. चौथ्या खेपेस जळका वास आला, तेव्हा कुकराची पिन उपसली आणि मग कोठे खटका वर राहिला.

समोरच्या दारी चित्राताई बापट राहत, त्या वास घेऊन आल्या आणि मसलत दिली. "अहो काका, आमच्या पिंट्याचा मोबाइल बादलीत पडला होता. तांदळात पुरून ठेवला, सकाळी चालू! तसंच करा." मग महाराजांनी पाच किलो तांदूळ मोठ्या पातेल्यात ओतिला आणि कुकर त्यात गळ्यापर्यंत पुरिला. ज्याने तांदूळ शिजवावा तोच तांदळात बसला, ऐसे आम्ही प्रथमच पाहिले. दोन प्रहर वाट पाहिली. कुकर काही बोलेना. तेव्हा महाराज घाबरे जाहले, जेवण नाही, पाणी नाही, डब्यांकडे बघत बसले, आणि अखेर तळमजल्यावरील रशीदभाई तांबोळी यांस पाचारण केले.

रशीदभाई म्हणजे मिक्सर, गीझर, इस्त्री यांचे धन्वंतरी. आले, कुकर तांदळातून उपसला आणि पहिलाच प्रश्न टाकिला.

"साहेब, पाणी गेल्यावर खटका किती वेळा वर केला?"

"एकदाच."

"डॉक्टरला आन् मला खोटं सांगायचं नसतं."

"चार वेळा."

रशीदभाईंनी मान हलविली आणि कुकर पालथा केला, तो वाटीभर पाणी निघाले. बुडाचे तीन स्क्रू काढिले, तो आतून मूठभर तांदूळ निघाला. "भात भांड्यात करत्यात साहेब, मशिनीत न्हाई," इतके बोलून त्यांनी काम चालविले. वीज तपासावयाच्या मीटरच्या दोन तारा इकडे तिकडे लाविल्या, कुकराच्या बटणाचे काळे पडलेले टोक पॉलिश पेपराने घासिले आणि ताटलीखालची एक बारीक तार दाखविली. "कॉइल जित्ती हाय. ह्यो फ्यूज गेलाय. गेला ते बरं झालं. त्यो गेला म्हणून बाकीचं वाचलं."

"मग नवा घाला आणि लावा. रविवारी मंजू येतेय."

"फ्यूज आत्ता घालतो. पण लावायचं न्हाई. अंगात पाणी हाय अजून. आता लावला तर हात लावणाऱ्याला झटका बसंल. उद्या पूर्ण दिवस ऊन खाऊ द्या त्याला."

ज्यांनी नद्या थोपविल्या ते महाराज शनिवारी सूर्योदयापासून गॅलरीत खुर्ची टाकून बसले. ऊन सरकेल तैसा उघडा कुकर सरकवीत, ढग आला की ढगाकडे ऐसे पाहत की त्याने रजेचा अर्ज न देता दांडी मारली असावी. सायंकाळी रशीदभाईंनी मीटर लाविले आणि म्हणाले, "जरा हाय अजून." ते समयी महाराजांनी माळ्यावरून बॅग काढिली, झटकली आणि दारामागे उभी केली. आम्हांस ते पाहवले नाही.

रविवारी साडेदहास रशीदभाई पुन्हा आले. मीटर लाविले. काटा हलला नाही, म्हणजे अंगातले पाणी गेले. बूड बसवून पिन लाविली, महाराज भिंतीस पाठ लावून उभे, आणि रशीदभाईंनी बटण दाबिले. लाल दिवा लागला! पंखा फिरत राहिला. महाराजांनी रशीदभाईंस मिठी मारिली आणि जेवावयाचे निमंत्रण जागीच दिले. मग तांदूळ धुतला, पाणी आतल्या भांड्यात मोजून घातले, आणि भात शिजून टक् करून दिवा पिवळा जाहला, तोच दारी बाईसाहेबांची स्वारी आली.

भात पांढरा, मोकळा, वाफाळता. बाईसाहेबांनी पहिला घास घेतला आणि मग दुसऱ्यांदा भात घेतला. तिसऱ्यांदा रशीदभाईंनी घेतला. भांडे रिते जाहले. "थांबा बाबा, मी अजून लावते," म्हणोन बाईसाहेब उठल्या, भांडे घासले, तांदूळ धुतला, मग उजव्या हाती पेला भरून घेतला आणि बोलता बोलता सहज तो उघड्या ताटलीवर तिरका केला.

"खाली नाही!" महाराज ओरडले आणि झेप घालून मनगट धरिले. पाणी ओट्यावर सांडले.

"अहो, पण आई तर नेहमी..." इतके बोलून बाईसाहेब थांबल्या.

"तो आईचा कायदा त्या कुकरचा. ह्याचं पाणी आतल्या भांड्यात."

"तुम्हाला कसं माहीत?"

रशीदभाई छतावरील वरणाचा डाग न्याहाळू लागले. महाराजांनी दारामागील बॅगेकडे पाहिले. लपविता आले असते. परंतु म्हणाले, "शुक्रवारी मी घातलं होतं. दोन पेले. तिने सांगितलं होतं तसंच."

बाईसाहेब तेथेच ओट्यास टेकल्या आणि हसू लागल्या, आणि हसता हसता डोळे पुसू लागल्या, आणि महाराजही तैसेच. मग बाईसाहेबांनी फडताळातून कागद आणि पेन काढिले, चार शब्द लिहिले, कुकरावर चिकटविले, आणि जाताना दारामागील बॅग स्वतः माळ्यावर टाकून गेल्या.

तात्पर्य इतकेच की, राज्य राहिले. दुसऱ्या खेपेचा भात बुडाशी किंचित लागला, परंतु ते लिहू नये ऐसी आज्ञा आहे. चिठ्ठी अद्याप कुकरावर आहे, 'पाणी आतल्या भांड्यात, बाबा'. अक्षर हुबेहूब राणीसाहेबांचे. महाराजांस आता ती पाठ आहे, तरी रोज चष्मा लावून वाचतात आणि मगच पाणी घालतात.